गुरुवारचं पान

४ सप्टेंबर, बुधवार

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. बावीस वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवातच अशी कडक इस्त्री करून करायची, हे तुला हसायला आयतं निमित्त झालं असतं.

काल भर कोर्टात मी एक चूक केली. हीच चूक माझ्या ज्युनिअरनं केली असती तर मी तिला आठवडाभर झेरॉक्सच्या मशीनपाशी उभं केलं असतं. मी साक्षीदाराला 'का' असं विचारलं.

तुझ्या लेखी यात काही विशेष नसेल, म्हणून सांगते. समोरच्या बाजूचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो तेव्हा त्याला फक्त असेच प्रश्न विचारायचे असतात ज्यांची उत्तरं आपल्याला आधीच पाठ आहेत. हो किंवा नाही, बस. 'का' विचारलं की त्याला मोकळं रान मिळतं आणि तो आपल्या डोक्यावर मिरे वाटतो. आमच्या सरांनी हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं. म्हणाले, उत्तर ठाऊक नसेल तर प्रश्न गिळून टाका, अपचन झालं तरी चालेल. पंचवीस वर्षं मी प्रश्न गिळत आले आणि मला कधी अपचन झालं नाही.

खटला असा, की जहाजाच्या बाहेरच्या शिडीची पायरी निसटून एक खलाशी खाली धक्क्यावर पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. मी त्याची वकील. कंपनीनं साक्षीला त्या जहाजावरची, हुद्द्यानं तिसरी असलेली ऑफिसर आणली होती, असेल सव्वीस-सत्तावीसची मुलगी. माझे तीन प्रश्न ठरलेले होते. त्या सकाळी शिडी तपासायचं काम तुमचं होतं? हो. तपासणीच्या वहीतलं त्या दिवशीचं पान कोरं आहे? हो. म्हणजे शिडी तपासली नव्हती? नव्हती. इथे मी खाली बसायला हवं होतं. पण ती इतकं सरळ बोलत होती, कपाळावर घाम नाही, कंपनीच्या वकिलाकडे चोरून बघणं नाही, की माझ्या तोंडून निघून गेलं, "मग पान कोरं का ठेवलंत? संध्याकाळी भरून टाकता आलं असतं."

कंपनीचा वकील सावरून बसला. त्याला वाटलं, बाईंनी आता स्वतःच्या हातानं दार उघडलं.

ती म्हणाली, "आम्हाला दोरखंडाचं काम शिकवायला एक मास्तर होते. पहिल्या तासाला ते स्वतःचीच गोष्ट सांगतात. त्यांच्या जहाजावर बुधवारी दोर तुटून अपघात झाला, एका खलाशाचा पाय गेला, आणि त्यांच्या वहीत गुरुवारची आणि शुक्रवारचीसुद्धा सही आधीच झालेली होती. ते सांगतात, दोराला हात लावल्याशिवाय पेनला हात लावायचा नाही. त्या दिवशी मला शिडीपर्यंत जायला जमलं नाही, म्हणून मी लिहिलं नाही."

न्यायाधीशांनी विचारलं, आणखी काही प्रश्न? मी मान हलवली आणि बसले. मला चक्कर आली असं समजून ज्युनिअरनं पाण्याचा पेला पुढे केला. मी तो प्यायले, कारण दुसरं काही सुचेना.

तू कुठेतरी शिकवतोस एवढं कानावर होतं. ही गोष्ट तू दर तुकडीला, पहिल्याच तासाला, स्वतःच्या तोंडानं सांगतोस हे मला माहीत नव्हतं. पत्ता तुझ्या प्रशिक्षण केंद्रात फोन करून मिळवला. मी वकील आहे हो, असं ठणकावून सांगितलं, त्यांनी तुझ्या घरासमोरच्या औषधाच्या दुकानाची खूणसुद्धा दिली.

आणखी एक. खलाशांच्या युनियननं माझ्या वकिलीला पंचवीस वर्षं झाली म्हणून २४ ऑक्टोबरला एक छोटा कार्यक्रम ठेवलाय. तिथे माझा परिचय वाचून दाखवणार. ज्युनिअरनं तो लिहून आणला, आणि त्यात पहिलाच परिच्छेद आपल्या त्या दोराच्या खटल्याचा. मी म्हटलं, हे गाळ. ती म्हणाली, मॅडम, तुमची सुरुवातच तिथून झाली, तीच गाळून कसं चालेल. आता तिला काय सांगू? पिंजऱ्यात तुला तो प्रश्न काही मी विचारला नव्हता, सरांनी विचारला होता. सर तुझी ती वही पंधरा दिवस चाळत होते, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. मी तर शेजारी बसून नुसत्या फायली देत होते. पण लोकांना वाटतं तो खटला माझा.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी हे पत्र लिहून मला बरं वाटलंच आहे.

तुझी
शेपूट

(नाव विसरला असशील तर सांगते. तू बंदरावर जहाजं बघायला निघालास की मी मागे मागे यायचे, म्हणून तूच ठेवलेलं आहे.)


१६ सप्टेंबर, सोमवार

दादा,

बारा दिवस झाले, उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही. आमच्या धंद्यात याला नोटीस पोचली असं म्हणतात, तेव्हा मी पुढे चालू करते.

ज्युनिअर परिचयासाठी माझ्या मागे हात धुऊन लागली आहे. तिला सगळं क्रमानं हवं असतं, कुठल्या साली काय केलं, कुठल्या कोर्टात किती खटले. मी तिला म्हटलं, लिही, आधी आठ वर्षं बंदरावरच्या दवाखान्यात नर्स. तिला ते ठाऊकच नव्हतं. तिला वाटत होतं मी काळा कोट घालूनच जन्माला आले.

तुला ते दिवस आठवतात. चेपलेली बोटं, भाजलेले हात, खांदे निखळलेली माणसं यायची. मी पट्टी बांधायची, आणि कंपनीचा माणूस दारात उभा राहून त्यांची एका कागदावर सही घ्यायचा. त्या कागदात लिहिलेलं असायचं की चूक माझीच होती. उजव्या हाताला पट्टी असेल तर डाव्या हाताचा अंगठा घ्यायचा. एकदा मी तो कागद ओढून घेऊन वाचला आणि त्या संध्याकाळीच लॉ कॉलेजचा फॉर्म आणला. आई म्हणाली, तिशीला टेकल्यावर कसलं शिकतेस. तू जहाजावरून पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचं पार्सल पाठवलंस. हे मी ज्युनिअरला सांगितलं नाही, पण तुला आठवण असावी म्हणून लिहिते.

खालच्या कोर्टात खटला चालवायचा आणि वरच्या कोर्टात अपील चालवायचं, ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. मी दोन्ही केली. खालच्या कोर्टात माणसं असतात, ती घाबरतात, खोटं बोलतात, मध्येच रडतात, साक्ष देताना चुळबुळ करतात. वरच्या कोर्टात माणूस कुणी नसतोच, सगळा कागद. ज्या रडण्यानं खालचे न्यायाधीश चष्मा पुसायला लागले होते ते रडणं वर जाईपर्यंत 'पान दोनशे चौदा, ओळ सहा' झालेलं असतं. आपण ते पान काढून द्यायचं आणि म्हणायचं, साहेब, हे बघा. मला तेच काम जास्त आवडतं. या वर्षापासून साक्षीपुरावे ज्युनिअरकडे सोपवतेय, मी फक्त अपिलं लिहिणार. खिडकीपाशी टेबल घेतलंय, तिथून धक्क्यावरच्या दोन क्रेन दिसतात, चहा गरम असतानाच प्यायला मिळतो. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाला यापेक्षा काय हवं? मी सुखात आहे दादा, हे मुद्दाम लिहितेय, कारण तुला वाटत असेल की मी अजून तशीच भांडत फिरते.

परवा उंट आला होता. तोच, तुमच्या जहाजावरचा, दारातून येताना ज्याचं डोकं आपटायचं म्हणून तुम्ही सगळ्यांनी उंट नाव ठेवलं होतं. आता तो युनियनचा सेक्रेटरी आहे. गुडघ्याखालचा डावा पाय गेल्यावर बसवलेल्या पायांपैकी आता तिसरा चालू आहे, म्हणतो पहिले दोन माझ्याआधी म्हातारे झाले. कार्यक्रमाचा सगळा घाट त्यानंच घातलाय. जाता जाता विचारलंन, तुमच्या भावाला बोलावलंत का? मी त्याच्यापुढे चहा सरकवला. तर म्हणाला, बाई, दोर कुजका होता, आणि साहेबांनी नवा दोर तीनदा मागितला होता, हे तुम्हीच तर अपिलात लिहिलंत, मग तुम्हीच का विसरता?

ते पान मी सोबत पाठवतेय. अपिलाचं पान एकेचाळीस. कंपनीनं अपील केलं तेव्हा सर आजारी होते, त्याला उत्तर सगळं मी एकटीनं लिहिलं. तुझे दोर मागवण्याचे तिन्ही अर्ज शोधायला मी कंपनीच्या कागदांच्या अकरा पेट्या उपसल्या. वरच्या कोर्टानं निकालात ते तिन्ही अर्ज तारखांसकट लिहिले आणि दोष कंपनीचा ठरवला. पण तोवर तुझा जहाजावर काम करायचा परवाना दोन वर्षांसाठी गेला होता आणि तू आमच्या गल्लीत यायचा बंद झाला होतास. तू हे पान कधी वाचलंस की नाही, मला माहीत नाही. आईच्या शेवटच्या दिवशी आपण शेजारी शेजारी उभे होतो तेव्हा ते माझ्या पर्समध्ये होतं. मावशी मध्ये उभी राहिली आणि माझं धाडस झालं नाही.

शेपूट


२७ सप्टेंबर, शुक्रवार

दादा,

काल वहिनीचा फोन आला. तिचा आवाज ऐकून मी उभीच राहिले, जणू न्यायाधीश आत आले.

तिनं तुझं सगळं पितळ उघडं पाडलं. म्हणाली, हे पत्र वाचतात, मग चष्मा पुसून पुन्हा वाचतात, आणि मी विचारलं की म्हणतात, कसलं पत्र? एकेचाळीस नंबरचं पान म्हणे तू जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलंस, विजेच्या बिलाशेजारी. मला इतकं हसू आलं, आणि मग बराच वेळ नाक पुसत बसले.

शेवटी ती म्हणाली, एक निरोप आहे. हे म्हणाले, पत्रं छान आहेत, पण त्यांत एक चिठ्ठी कमी आहे.

बरं. चिठ्ठी.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की सरांनी वही पंधरा दिवस चाळली आणि त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. सरांनी वही चाळली हे खरं. त्यांना काही सापडलं नाही हेही खरं. आता सगळं आहे तसं लिहिते. ज्युनिअर जेवायला गेली आहे, ऑफिसात मी एकटी आहे, लाज वाटली तरी बघायला कुणी नाही.

तू सुट्टीवर घरी आलास की तुझ्या त्या वहीची गंमत सांगायचास. जहाज धक्क्याला बांधायचे दोर रोज सकाळी तपासायचे आणि वहीत सही करायची, हा नियम. पण बंदर आलं की सकाळी मान वर करायला फुरसत नसायची, म्हणून शनिवारी दुपारी चहाचा कप घेऊन तू पुढच्या अख्ख्या आठवड्याच्या सह्या उरकून टाकायचास. सगळेच तसं करायचे. 'माझा पुढचा गुरुवार उरकलेला आहे,' असं तू म्हणालास आणि आई पोट धरून हसली. तेव्हापासून आपल्या घरात तो शब्दच झाला. आईनं सकाळीच रात्रीची भाजी चिरून ठेवली की म्हणायची, गुरुवार उरकला. बाहेरच्या कुणालाही त्याचा अर्थ कळला नसता. जगात तो तिघांनाच माहीत होता.

तू साक्षीला आलास तेव्हा कंपनीनं तुझी हॉटेलात सोय केली होती, पण आदल्या दिवशी तू जेवायला घरी आलास, आईसाठी. बटाट्याची भाजी होती. मी वाढत होते. खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं आपण दारातच ठरवलं. मी समोरच्या बाजूची, तू त्यांचा साक्षीदार, बोलणं नियमाला धरून नव्हतं. तू क्रिकेटबद्दल बोललास, आईनं तिच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं, आणि मी पुन्हा पुन्हा भात वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी तू पिंजऱ्यात उभा राहून म्हणालास, दोर रोज सकाळी मी स्वतः तपासत होतो. सरांनी इकडून विचारलं, तिकडून विचारलं, तू हलला नाहीस. त्यांनी वही मिटायला घेतली. समोर बाकावर उंट बसला होता, कुबड्या मांडीवर आडव्या ठेवून. एकवीस वर्षांचा होता तेव्हा तो. मी फाईलच्या कडेचा एक तुकडा फाडला, त्यावर दोन शब्द लिहिले आणि सरांच्या हाताखाली सरकवला. 'गुरुवार विचारा.'

सरांना त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे. पण म्हातारा हुशार. त्यांनी वही पुन्हा उघडली, अपघाताच्या बुधवारच्या पानाशी आले आणि शिवणीतून नख फिरवलं. तिथे ब्लेडनं कापलेल्या तीन पानांची टोकं होती, केसाएवढी. मग त्यांनी विचारलं, इथली तीन पानं कुणीतरी कापून काढली आहेत. त्यांवर कुठले वार होते?

तू सरांकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे बघितलंस. आणि म्हणालास, "गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पानं मी कापलेली नाहीत, पण सह्या माझ्याच होत्या."

खटला आम्ही तिथे जिंकलो. सगळे सरांना हात मिळवत होते आणि मी फायली गोळा करत होते. घरी येऊन आईला मी सांगितलं की सरांनीच शोधून काढलं. मावशीला तेच सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाही जवळजवळ पटलं. आईला पटलं नव्हतं, असं मला आता वाटतं, कारण त्यानंतर तिनं तो गुरुवारचा शब्द घरात कधी काढला नाही.

ही ती चिठ्ठी. उंटाला न्याय मिळाला याचं मला कधी वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण आपल्या घरातला शब्द मी बाजारात नेऊन विकला. त्याचं वाईट वाटतं. खूप वाटतं.

शेपूट


९ ऑक्टोबर, बुधवार

दादा,

तुझं कार्ड आलं. टपालवाल्यानं ते ज्युनिअरच्या हातात दिलं आणि कार्डच ते, पाकीट नाही, तेव्हा तिनं अर्थातच वाचलं. आत येऊन माझ्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता निघून गेली. ही मुलगी काही न बोलता निघून जाते म्हणजे केवढी मोठी गोष्ट ते तुला तिला भेटल्यावर कळेल.

मी ते इतक्यांदा वाचलं की इथे न बघता उतरवू शकते. बघ, जमतं का:

"शेपूट, चिठ्ठी तुझी होती हे मला त्याच मिनिटाला कळलं. तिचा राग कधीच नव्हता. पोराचा पाय गेला होता, तू केलंस ते बरोबर केलंस. पण आदल्या दिवशी तू मला तीनदा भात वाढलास आणि एकदाही विचारलं नाहीस, की दादा, उद्या खरं सांगशील ना? मी काय उत्तर दिलं असतं ते मला आजही सांगता येत नाही. तू विचारलं नाहीस, म्हणून ते मला कधी कळलंच नाही. दादा."

मी आठवडाभर याला उत्तर शोधत होते. मी अपिलं लिहिते, प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर असतं. आधी लिहिलं, की विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराशी बोलायला मला बंदी होती. कागद फाडला. बंदी होती हे खरं, पण त्या दिवशी ती माझ्या फार सोयीची होती. नियम मोडायची वेळ आली तर मी तो दुसऱ्या दिवशी कोर्टात मोडलाच की, तुझ्याकडून घरात ऐकलेलं बाहेर नेऊन. मग लिहिलं, की मी विचारलं असतं तर तू अडचणीत आला असतास. तोही फाडला. तू अडचणीत आलासच.

खरं उत्तर एवढंच आहे. तुझं उत्तर मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी प्रश्न गिळला. सरांनी ही गोष्ट कोर्टासाठी शिकवली होती आणि मी ती उचलून थेट जेवणाच्या टेबलावर आणली. तिथे तू भाऊ म्हणून बसला होतास, आणि मी तुला साक्षीदार केलं. हाताशी आलेला दोर न तपासताच मी वहीत लिहून टाकलं की हा तुटणार. तुझी शनिवारची सवय आणि माझी ही, काय फरक आहे सांग. तुझी निदान वहीत दिसत तरी होती.

आणि गंमत बघ. सगळ्या वकिलीत मी एकदाच 'का' विचारलं, तेही जीभ घसरून, आणि त्या पोरीनं मला तू परत आणून दिलास.

ती शिडीची केस आम्ही जिंकली बरं का. निकाल परवा लागला. न्यायाधीशांनी त्या मुलीच्या कोऱ्या पानाचा खास उल्लेख केलाय, की एवढी विश्वास ठेवण्याजोगी वही त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नाही. कंपनी अपील करणार म्हणतेय. करू दे, मी खिडकीपाशी बसलेलीच आहे. वहिनीला सांग, तुझ्या मास्तरकीचं एक पान आता निकालात छापून आलंय, काचेखाली जागा करून ठेव.

वहिनीनं हेही सांगितलं की सुरुवातीची दोन वर्षं तू फार वाईट काढलीस, घराबाहेर पडायचा नाहीस. आणि मग केंद्रातली नोकरी मिळाली आणि पहिल्याच तासाला पोरांसमोर सगळं सांगून आलास, घरी येऊन जेवलास आणि गाढ झोपलास. म्हणाली, आता हे सुखी आहेत, पोरं दोरीमास्तर म्हणतात तेव्हा मिशीत हसतात. हे ऐकून मला किती बरं वाटलं हे मला लिहिता येत नाही, आणि मी शब्दांचं खाते.

आता परिचयाचं. ज्युनिअरनं सगळं नीट लावलंय. दवाखान्यातली आठ वर्षं आली, पुस्तकांचं पार्सल आलं (सांगितलं शेवटी), सर आले, खटले आले, अपिलं आली. पहिला परिच्छेद तेवढा मी कोरा ठेवायला सांगितलाय. ती म्हणाली, मॅडम, छपाईला परवा द्यायचंय. मी म्हटलं, छापू नकोस, हातानं लिहू. दोराच्या खटल्याबद्दल मी एकटीनं लिहिलं तर ती पुन्हा शनिवारीच केलेली सही होईल. तू समोर बसून वाच, चुकलं असेल तिथे खोड, नको वाटलं तर सगळं पान कोरंच वाचू. कोरं पान कसं वाचतात ते उंट बघून घेईल, त्याच्या हातात माईक आला की तो काहीही वाचू शकतो. तुझ्याबद्दल त्याला विचारलं तर म्हणाला, साहेब आले तर मी दारात उभा राहीन, मला लांबून दिसतील.

कार्यक्रम २४ तारखेला आहे, दुपारी चार वाजता, युनियनच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. त्या दिवशी गुरुवार येतो. उंटानं तो मुद्दाम निवडलेला नाही, हॉल त्याच दिवशी मोकळा होता. जेवायला मात्र घरीच यायचं, आईचं टेबल अजून तेच आहे. बटाट्याची भाजी सकाळी चिरून ठेवणार नाही, तुम्ही दोघं आल्यावर चिरीन.

वहिनीला मी फोन करून विचारू शकले असते की तू काय ठरवलंयस. तिनं सांगितलंही असतं. मग हा प्रश्न मी उत्तर हातात घेऊन विचारला असता. मी तिला फोन केलेला नाही. दादा, उत्तर मला खरंच ठाऊक नाही, म्हणून विचारतेय.

येशील?

शेपूट